मुतखड्यावर पैसा कोण लावणार?

मुतखडा झालेला माणूस आपल्याकडे एकटा कधीच नसतो. त्याच्याभोवती सल्ले देणाऱ्यांची गर्दी असते. कुळथाचं कढण घ्या, पानफुटीची दोन पानं उपाशीपोटी चावून खा, टोमॅटोच्या बिया काढून टाका, दूध बंद करा. कुणीतरी हळूच कानात बिअर सुचवतो आणि 'दवा म्हणून चालतं' असा फतवाही स्वतःच देऊन टाकतो. गंमत सोडा, पण यातला एकही जण तुम्हाला असं सांगू शकत नाही, की हा उपाय शंभर जणांना करायला सांगितला, दुसऱ्या शंभर जणांना सांगितला नाही आणि पुढची पाच वर्षं दोघांवरही लक्ष ठेवलं.

मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. माझं काम माणसाला पुन्हा चालतं करायचं. मुतखडा माझ्या विषयातला नव्हे. पण मोहल्ल्यात पांढरा कोट घालणारी प्रत्येक बाई डॉक्टरच असते, त्यामुळे "आपा, दूध बंद करू का?" हा प्रश्न मला वर्षातून पंचवीस वेळा तरी विचारला जातो. म्हणून मी वाचायला लागले. आणि वाचता वाचता लक्षात आलं, की आपल्या वस्तीला रोज छळणाऱ्या प्रश्नांची उत्तरं सापडत नाहीत, ती प्रश्न अवघड आहेत म्हणून नव्हे. त्या उत्तरातून कुणाचा धंदा होत नाही, म्हणून. या लेखात मला तेवढंच म्हणायचं आहे. बाकी सगळा त्याचा पुरावा समजा.

दुधाचीच गोष्ट घ्या. बहुतेक खडे कॅल्शियमचे असतात, दुधात कॅल्शियम असतं, म्हणून दूध बंद. ऐकायला अगदी सरळ. इटलीतल्या पार्मा शहरात लोरिस बोर्गी नावाच्या डॉक्टरांनी हा सरळ हिशेब तपासून पाहिला. वारंवार खडे होणारे १२० पुरुष त्यांनी निवडले आणि चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट केले. साठ जणांना कमी कॅल्शियमचा आहार, साठ जणांना कॅल्शियम नेहमीइतकं पण मीठ आणि मांसाहार कमी. पाच वर्षं पाठपुरावा केला. कॅल्शियम तोडलेल्यांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटातल्या १२ जणांना. निकाल २००२ साली छापून आला. कारणही समजण्यासारखं आहे. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. कॅल्शियम कमी केलं की मोकळं राहिलेलं ऑक्झलेट रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडात जाऊन बसतं. मीठ जास्त खाल्लं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. म्हणजे दोष चहातल्या दुधाचा कमी, लोणचं, पापड आणि रोजच्या गोश्तचा जास्त. हे आपल्या वस्तीत सांगून पाहा. दूध सोडायला सगळे तयार होतात, सालन सोडायला कुणी नाही.

याच डॉक्टरांनी त्याआधी, १९९६ साली, त्याहूनही साधा प्रश्न तपासला होता: पाणी जास्त प्यायल्याने खडा परत यायचा थांबतो का? पहिल्यांदाच खडा झालेले १९९ जण. निम्म्यांना भरपूर पाणी प्यायला सांगितलं, रोज दोन लिटरच्या वर लघवी व्हावी इतकं. पाच वर्षांनी पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला होता, बाकीच्यांपैकी २७ टक्क्यांना. पाण्याच्या बाजूने आज जगभर जे सांगितलं जातं, त्याचा मोठा आधार हाच अभ्यास आहे. दोनशेसुद्धा माणसं नाहीत त्यात. आणि अमेरिकेसारख्या देशात दर अकरा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी मुतखडा होतो!

पाण्याला पेटंट नसतं. मीठ कमी खा म्हणण्याचंही नसतं. औषध कंपनी कोट्यवधी रुपये घालून चाचणी करते, ती त्या गोळीच्या विक्रीतून पैसा परत मिळेल म्हणून. त्यात मला काही पाप वाटत नाही. दुकान आहे, ते दुकानासारखंच चालणार. पण ज्या प्रश्नाच्या उत्तरातून विकण्यासारखं काही निघत नाही, तो विचारायला सरकारी पैसाच लागतो. ज्या देशांत तो लागला, तिथे काय झालं ते पाहण्यासारखं आहे.

खडा मूत्रनलिकेत अडकला की टॅमसुलोसिन नावाची गोळी द्यायची पद्धत जगभर पडली होती. गोळीने नलिका सैलावते आणि खडा लवकर पडतो, असं लहान लहान अभ्यासांतून दिसलं होतं. ब्रिटनने सरकारी आरोग्य संशोधनाच्या निधीतून २४ रुग्णालयांत अकराशेहून जास्त रुग्णांवर नीट चाचणी घेतली. २०१५ साली निकाल आला. चार आठवड्यांत पुढची कुठलीही प्रक्रिया करावी लागली नाही, असे रुग्ण टॅमसुलोसिन घेणाऱ्यांत ८१ टक्के आणि बिनऔषधाची खोटी गोळी घेणाऱ्यांत ८० टक्के. मोठ्या खड्यांना या गोळीचा उपयोग होतो का, हा वाद त्यानंतरही चालू राहिला. पण लहान खड्यासाठी सरसकट गोळी लिहून देण्यात अर्थ नाही, हे तरी समोर आलं.

स्वित्झर्लंडमध्ये तर याहून मोठा धक्का बसला. खडा परत येऊ नये म्हणून रक्तदाबावरची हायड्रोक्लोरोथायझाइड ही जुनी, स्वस्त गोळी कित्येक दशकं दिली जात होती. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान निधीच्या पैशातून ४१६ रुग्णांवर चाचणी झाली आणि २०२३ साली निकाल आला. खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के जणांचा खडा परतला, सर्वांत कमी मात्रा घेणाऱ्यांपैकीही ५९ टक्के आणि सर्वांत जास्त मात्रा घेणाऱ्यांपैकी ४९ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. उलट गोळी घेणाऱ्यांत रक्तातलं पोटॅशियम घटणं, गाउट, नव्याने मधुमेह होणं असे त्रास जास्त दिसले. (हे वाचून कुणी आपली गोळी परस्पर बंद करू नका. ती रक्तदाबासाठी चालू असेल तर तो वेगळा विषय आहे. डॉक्टरांना विचारा.) ही चाचणी कुठल्या कंपनीने केली असती? गोळी पैशा-दोन पैशांची, आणि निकाल 'उपयोग नाही' असा.

'उपयोग नाही' हे कळायलाही पैसा लागतो, हे आपल्या लोकांच्या गळी उतरवणं फार कठीण जातं. संशोधन म्हटलं की त्यांना नवं औषध, नवं मशीन दिसतं. चालू असलेला फुकटचा खर्च थांबवणारं संशोधन कुणाला दिसत नाही. रोजावर काम करणाऱ्या माणसाच्या औषधाच्या चिठ्ठीतली एक गोळी कमी झाली, तर महिन्याकाठी त्याचे किती पैसे वाचतात, याचा हिशेब मात्र मेडिकल दुकानाच्या काउंटरवर रोज होतो.

आता आपल्याकडे या. आपला देश संशोधन आणि विकासावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, आणि त्यात अणुऊर्जा, अवकाश, संरक्षण, शेती सगळं आलं. मुतखड्यासारख्या न मारणाऱ्या पण छळणाऱ्या आजाराच्या वाट्याला त्यातलं किती येत असेल, त्याची कल्पना करा. कॅन्सरसाठी लोक मोर्चा काढतील, मुतखड्यासाठी कोण काढणार? शिवाय तो ज्याला होतो तो बहुधा कमावता माणूस असतो. कळ आली की दोन दिवस काम बुडतं, कळ गेली की तो विसरतो. पुढच्या दहा वर्षांत साधारण निम्म्या लोकांना पुन्हा कळ येते.

उष्णतेचा आणि खड्याचा संबंध जुना आहे. अमेरिकेतल्या पाच शहरांतल्या साठ हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की कडक उन्हाच्या दिवसानंतर तीनेक दिवसांतच खड्याचे रुग्ण वाढतात. घाम जातो, लघवी घट्ट होते, क्षार खाली बसतात. हे वाचताना मला डोळ्यांसमोर आमच्या शहरातले टॉवेल-चादरींचे माग दिसतात. एप्रिल-मेमध्ये बाहेर बेचाळीस अंश, आत त्याहून जास्त, धागा तुटू नये म्हणून खिडक्या बंद. मालेगाव आणि भिवंडीत याहून वेगळं काय असणार? कोकणातली कितीतरी घरं कुवेत, सौदी, दुबईतल्या पगारावर उभी आहेत, आणि तिथे बांधकामावर राबलेल्या चाचा-मामूंपैकी किती जण खडा घेऊन परत आले, ते घराघरांत विचारा. बायकांचा भाग निराळाच. कामाच्या ठिकाणी संडास नाही म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. 'दोन लिटर लघवी व्हावी इतकं पाणी प्या' हा पार्माचा निष्कर्ष शंभर टक्के खरा असला, तरी मागाजवळ माठ आणि मुतारी नसेल तर तो भिंतीवरच्या कॅलेंडरइतकाच उपयोगाचा. माठ आणि मुतारी दिल्याने खडे किती कमी होतात, हा संशोधनाचाच प्रश्न आहे, आणि तो पार्मातल्या कुणाला सुचणार नाही. तो आपल्यालाच सुचायला हवा.

पण प्रश्न सुचला आणि पैसा मिळाला, तरी मोजमाप कच्चं असेल तर सगळं वाया जातं. हे मला माझ्याच कामातून चांगलं कळतं.

दमा, फुप्फुसाचे आजार, हृदय दुबळं होणं, अशा रुग्णांची आम्ही सहा मिनिटांची चाल मोजतो. तीस मीटरचा सपाट रस्ता, दोन्ही टोकांना खूण, हातात घड्याळ. सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालला, तो आकडा लिहायचा. इतकी साधी चाचणी, पण जगभरात नवी औषधं याच आकड्यावर पास-नापास होतात. साधारण तीस मीटरचा फरक पडला, तर रुग्णाला खरंच बरं वाटतंय असं मानायची रीत आहे. आता गंमत ऐका. १९८४ साली कॅनडात गॉर्डन गयाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच चाचणी दोन प्रकारे घेतली: काही रुग्णांना मधूनमधून हुरूप देत, काहींच्या बाबतीत गप्प राहून. हुरूप दिला तेव्हा रुग्ण सरासरी तीस मीटर जास्त चालले. म्हणजे 'शाबास, छान चाललंय' एवढ्या शब्दांची ताकद एका औषधाइतकी निघाली!

म्हणूनच पुढे या चाचणीचे नियम ठरले. प्रत्येक मिनिटाला नेमकं कोणतं वाक्य बोलायचं, तेसुद्धा लिहून ठेवलं. चाचणी दोनदा घ्यायची, कारण दुसऱ्या वेळी माणूस सरावाने जास्त चालतो. व्हरांडा तोकडा असला तर वळणं वाढतात आणि अंतर घटतं. आणि आमच्याकडे? एका रुग्णालयात तीस मीटरचा व्हरांडा नव्हता, म्हणून दहा मीटरमध्येच फेऱ्या घालायला लावायचे आणि तुलना मात्र तीस मीटरच्या आकड्यांशी. रुग्णाची लेक भिंतीपाशी उभी राहून 'चलो अम्मी, चलो' म्हणत असते, तिला गप्प बसवायचं कोणी? सूचना मराठीत दिली आणि रुग्णाला दखनीच नीट समजते, तर 'जमेल तितकं अंतर' आणि 'जमेल तितक्या जोरात' यांतला फरक तिथेच हरवतो. परदेशी माणसांच्या उंची-वजनावर बेतलेली सूत्रं आपल्या लोकांना लावली, की धडधाकट माणूसही आजारी दिसू शकतो. म्हणून भारतीय संशोधकांना भारतीयांसाठी वेगळी सूत्रं काढावी लागली.

कुणाला वाटेल, मीटरभर इकडे-तिकडे, त्यात एवढं काय? अमेरिकेत ड्यूशेन या आजाराच्या मुलांचं उदाहरण घ्या. या आजारात मुलांचे स्नायू झिजत जातात, दहा-बारा वर्षांच्या वयात चालणं थांबतं. २०१६ साली एटेप्लिर्सेन नावाचं औषध मंजुरीसाठी आलं. अभ्यास झाला होता फक्त बारा मुलांवर, आणि त्यांच्या सहा मिनिटांच्या चालीची तुलना जुन्या नोंदींतल्या दुसऱ्या मुलांशी केली होती. सल्लागार समितीने सात विरुद्ध सहा मतांनी नकार दिला. कारण चाल ही मुलाच्या मनावर, जोरावर, समोर कोण उभं आहे त्यावरही ठरते. आईबाप रडत होते, कंपनी दारात उभी होती. शेवटी स्नायूतल्या एका प्रथिनाच्या वाढीचा आधार घेऊन औषध मंजूर झालं. किंमत वर्षाला सुमारे तीन लाख डॉलर. चाल पक्की मोजता आली असती, तर त्या आईबापांना हो किंवा नाही असं सरळ उत्तर मिळालं असतं.

युरोपने यातून धडा घेतला. मुलाच्या घोट्याला पट्टा बांधायचा, तो घरी-दारी हिंडताना त्याची सर्वांत वेगवान पावलं मोजायची, हे मोजमाप युरोपच्या औषध नियामकाने २०१९ साली दुय्यम निकष म्हणून आणि २०२३ साली मुख्य निकष म्हणून मान्य केलं. पार्किन्सन, फुप्फुसाचे आजार, मांडीचं हाड मोडलेले वृद्ध अशांची चाल अंगावरच्या यंत्राने खात्रीशीर मोजता यावी म्हणून २०१९ सालीच 'मोबिलाइज-डी' हा मोठा प्रकल्प सुरू झाला. खर्च सुमारे पाच कोटी युरो, त्यात युरोपीय संघाचा पैसा आणि औषध कंपन्यांचा वाटा. पाण्याच्या प्रश्नाला दोनशे माणसं मिळाली, चालीच्या मोजमापाला पाच कोटी युरो. मी या प्रकल्पाच्या विरोधात नाही, माझ्या तर रोजच्या कामाची गोष्ट आहे. पण इथे मोजमाप कंपन्यांना हवं होतं, त्यांची पुढची औषधं त्यावर पास व्हायची आहेत. गरज ज्याची, त्याच्याच प्रश्नामागे पैसा उभा राहिला.

आणि ही यंत्रंही कुणाच्या चालीवर शिकवली जातात? मनगटावरची घड्याळं हाताच्या हालचालीवरून पावलं ओळखतात. हातगाडी ढकलणाऱ्याचे हात दांड्यावर स्थिर असतात, त्यामुळे दिवसभर मैलोन् मैल चालूनही त्याची पावलं कमी पडतात. अगदी सावकाश चालणाऱ्या म्हाताऱ्यांची पावलंही यंत्रं हमखास चुकवतात. चपला घालून, उखडलेल्या फरशीवरून, बुरखा किंवा नऊवारी सावरत चालणारी बाई त्या प्रयोगशाळेच्या गुळगुळीत जमिनीवर कधी चालली असेल का?

यावर आपल्याकडचं एक उत्तर ठरलेलं असतं: आपल्यावर प्रयोग करू देऊ नका. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं काळ्या पुरुषांचा उपदंश उपचाराविना नुसता बघत बसले. आपल्याकडे २०१० साली आंध्र आणि गुजरातेतला एचपीव्ही लसीचा अभ्यास सरकारला थांबवावा लागला. वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. हे घडलंय. पण त्यावरचा उपाय दार लावून घेणं हा नाही. चाचणीत आपली माणसं नसली, तर चाचणीचा निकाल आपल्या शरीराला लागू पडतो की नाही, हे कधीच कळत नाही.

दाराच्या आत शिरायची वाट कायद्यानेच दिली आहे. २०१९ च्या औषध चाचणी नियमांप्रमाणे प्रत्येक नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात. त्यात एक सामान्य नागरिक, एक स्त्री, एक कायदा जाणणारी व्यक्ती आणि एक समाजशास्त्र, स्वयंसेवी संस्था किंवा धर्मशास्त्र अशा क्षेत्रातली व्यक्ती हवीच. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. तुमच्या शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात ही समिती आहे. तिच्यातली 'सामान्य नागरिक'ची खुर्ची सहसा कुणा ओळखीच्या निवृत्त माणसाला दिली जाते, कारण ती मागायलाच कोणी जात नाही. वकिली शिकलेली, समाजकार्यात पदवी घेतलेली आपली मुलं-मुली ती का मागत नाहीत? तिथे बसून विचारता येतं: संमतीपत्र उर्दूत आहे का, नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, या चाचणीचा पैसा कोणाचा? आणि देशात होणाऱ्या औषधांच्या चाचण्यांची नोंद सरकारी नोंदवहीत असते, २००९ पासून ती सक्तीची आहे. पैसा कोणाचा तेही तिथे लिहिलेलं असतं. मोबाइलवर कुणालाही फुकट बघता येते. रील बघून संपल्या की बघा.

आपल्या भाषणांत अल-राझींचं नाव फार येतं. त्यांनी मूत्रपिंड आणि मूत्राशयाच्या खड्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. मेंदूच्या सुजेवर रक्त काढण्याचा उपयोग होतो का हे पाहण्यासाठी त्यांनी एका गटाचं रक्त काढलं आणि दुसऱ्याचं मुद्दाम काढलं नाही, अशी त्यांची नोंद आहे. हजार वर्षांपूर्वी. त्यांच्या नावावर टाळ्या घेणाऱ्यांनी दुसरा गट का लागतो, एवढं जरी समजून घेतलं तरी पानफुटीचे निम्मे सल्ले बंद होतील.

पैशाचं म्हणाल, तर आपल्या वस्त्यांत पैसा नाही असं नाही. डायलिसिससाठी चंदा होतो, अँब्युलन्स येतात, रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावर लाखो उडतात. एखाद्या ट्रस्टने इफ्तारच्या खर्चातला छोटा हिस्सा बाजूला काढला, तर एका वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर चांगला अभ्यास उभा राहील. त्यासाठीचा प्रश्नही माझ्याकडे तयार आहे: खडा होऊन गेलेल्या माणसाने रोजा ठेवताना इफ्तार ते सहरीमध्ये किती पाणी, कसं वाटून प्यावं? इराण, तुर्कस्तान, सौदीत यावर लहान लहान अभ्यास झालेत, निकाल एकसारखे नाहीत. आमच्याकडे इमामसाब वेगळं सांगतात, डॉक्टर वेगळं आणि दादी तिसरंच.

मागावर काम करणारे शंभर जण एका गटात, शंभर दुसऱ्या गटात. एका गटाला पाण्याचं ठरलेलं वेळापत्रक आणि बाटली. चोवीस तासांची लघवी डब्यात गोळा करून मोजणं हा सगळ्यांत कटकटीचा भाग, पण घरी असलेल्या जुम्म्याच्या दिवशी तो जमू शकतो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. सध्या तो थंडीकडे चाललाय, २०३० साली तर जानेवारी आणि डिसेंबर अशा दोन्ही महिन्यांत येईल. म्हणजे थंडीतले आकडे आता मिळतील. मे-जूनच्या उन्हातला रोजा परत येईल तेव्हा आज वीस वर्षांचे असलेले वाचक चाळिशी ओलांडून गेलेले असतील, आणि तेव्हा तुलना करायला हे आकडे कुणीतरी आत्ताच मोजून ठेवायला हवेत.